‘नाही’ आणि ‘शून्य’ : हॅश टेबल आणि त्याच्या सोयींचा इतिहास

मागच्या वेळी आपण ‘यादी’ या गोष्टीवर बोललो. माणसाने यादी का केली, कोणी केली, त्यात कोणाचं नाव आलं आणि कोणाचं राहिलं. आज त्याच विषयाचा पुढचा भाग घेऊ. यादी केली, पण तिच्यात नाव शोधायचं कसं? आणि नाव सापडलं नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? हे ऐकायला साधं वाटतं. परंतु या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना आमच्या हातून एक चूक झाली. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

वसईतल्या एका वाचनालयाच्या कामात आम्ही निवृत्तीनंतर थोडी मदत करत असू. तिथली सभासदांची जुनी वही एका माजी विद्यार्थ्याने संगणकावर घातली आणि एक छोटा प्रोग्रॅमही लिहून दिला. नाव टाका, अनामत रक्कम दिसेल. एके दिवशी ऐंशीच्या आसपासच्या एक बाई आल्या. नाव ॲग्नेस म्हणू. सभासदत्व बंद करून अनामत परत न्यायची होती. आम्ही मोबाइलवर नाव टाकलं. उत्तर आलं : शून्य रुपये. आम्ही सांगून टाकलं, “बाई, तुमच्या नावावर काही जमा नाही.” त्या म्हणाल्या, “सर, तीस वर्षं मी इथली पुस्तकं वाचतेय. माझ्याकडे पावती आहे.” पावती घरी होती. त्या निमूटपणे निघाल्या. त्यांचा चेहरा पाहून आम्हालाच राहवलं नाही, आणि आम्ही कपाटातली जुनी वही काढली. ‘अ’चं पान उघडलं. मिनिटभरात नाव सापडलं, रक्कमही सापडली.

वहीत होतं ते संगणकात का नव्हतं? गंमत म्हणजे संगणकातही होतंच. ते का दिसलं नाही, हे समजून घ्यायला आम्हाला बरंच वाचावं लागलं. त्या वाचनाचा हा गोषवारा.

वहीची पद्धत

आपल्या भागातलीच उदाहरणं घेऊ. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. वीस वर्षांनी, १५५४ मध्ये, सिमाँव बोतेल्यु या अधिकाऱ्याने पोर्तुगीज मुलुखाचा महसुली दस्तऐवज तयार केला. त्याला ‘तोंबू’ म्हणतात, आणि त्यात वसईच्या महसुलाची नोंद आहे. दस्तऐवज कितीही जाड असला तरी त्याचं सूत्र दोन शब्दांचं : गाव आणि रक्कम. गावाचं नाव सांगा, रक्कम मिळेल. आपल्या पेढ्यांवरची खतावणी याच सूत्रावर चालत आली. रोजची कीर्द तारखेने लिहायची, आणि त्यातून प्रत्येक माणसाचं खातं खतावणीत वेगळं काढायचं. माणसाचं नाव ही किल्ली, त्याचं खातं ही नोंद. संगणकवाले आज ज्याला ‘की’ आणि ‘व्हॅल्यू’ म्हणतात, ते मुनिमांना माहीतच होतं.

आता ही वही मोठी झाली की अडचण येते. सगळी वही पहिल्या पानापासून वाचत बसणं शक्य नाही. मग वर्णानुक्रम आला, अक्षरवार पानं आली. पण वसईत अक्षरवार पानं कराल तर काय होईल बघा. ‘ड’चं पान उघडा : डिसोजा, डिमेलो, डायस, डाबरे, डिसिल्वा. पान लगेच भरतं, आणि ‘थ’ किंवा ‘ठ’चं पान वर्षानुवर्षं कोरं राहतं. म्हणजे कप्पे समान, पण माणसं समान पसरत नाहीत. नावं एका जागी गर्दी करतात, कारण नावांना इतिहास असतो, धर्मांतर असतं, कुळं असतात. ही गर्दी कशी मोडायची, हा प्रश्न संगणकाच्या पिढीपुढे आला.

खिमा करण्याची युक्ती

१९५३ च्या जानेवारीत आयबीएम कंपनीतल्या हान्स पीटर लून या गृहस्थांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. जन्माने जर्मन, उमेदीची वर्षं कापडधंद्यात काढलेला माणूस. आपल्या डेबिट कार्डाचा नंबर बरोबर आहे की चुकला, हे तपासणारी बेरजेची रीत याच लून यांची. त्यांच्या या टिपणातली कल्पना अशी : नाव किंवा आकडा कुठे ठेवायचा हे त्याच्या पहिल्या अक्षरावर ठरवू नका. त्याच्यावर एक गणित करा, आणि गणिताचं उत्तर हाच कप्प्याचा नंबर समजा.

त्या धर्तीवर एक करून पाहू. वसईचा पिनकोड घ्या, ४०१२०१. दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करा : ४०, १२, ०१. प्रत्येक जोडीची बेरीज : ४, ३, १. म्हणजे कप्पा ४३१. पुन्हा शोधायचं असेल तेव्हा पुन्हा तेच गणित करा आणि थेट ४३१ वर जा. मधले चारशे तीस कप्पे उघडायचेच नाहीत. वही दहापट मोठी झाली तरी शोधायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. खरी जादू ही आहे.

पण ४०१२१० हा आकडा घेतलात, तर त्याचंही उत्तर ४३१ येतं. दोन पाहुणे, एक खोली. याला टक्कर म्हणतात. लून यांचा उपाय असा की एका कप्प्यात एकाहून जास्त नोंदी साखळीने ठेवाव्यात. १९५४ मध्ये आयबीएममध्येच जीन अ‍ॅमडाल, एलेन मॅकग्रॉ, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि आर्थर सॅम्युएल यांनी दुसरा उपाय वापरला : खोली भरलेली असेल तर शेजारची बघा, तीही भरलेली असेल तर त्यापुढची. रशियात आंद्रेई येर्शोव्ह यांना तेच स्वतंत्रपणे सुचलं. १९५६ मध्ये आर्नल्ड ड्यूमी यांनी मूळ संख्येने भागून उरलेली बाकी हा कप्पा धरावा, असं मांडलं. ती रीत आजही शिकवतात.

या सगळ्याला ‘हॅश’ हे नाव मात्र बरंच उशिरा रूढ झालं. रॉबर्ट मॉरिस यांच्या १९६८ च्या लेखानंतर ते सर्रास झालं, आणि १९७३ मध्ये डोनाल्ड क्नुथ यांच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडाने त्याला पाठ्यपुस्तकात बसवलं. शब्द स्वयंपाकघरातला आहे. हॅश म्हणजे बारीक चिरून एकत्र करणं. आपण खिमा म्हणतो ना, तसं. नावाचा खिमा करायचा, म्हणजे त्याची मूळ ओळख, त्याचं कूळ, त्याचं पहिलं अक्षर काही उरत नाही. डिसोजा आणि डिमेलो शेजारी राहत नाहीत. गर्दी मोडते ती यामुळेच. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्या काळी ही काटकसर चैन नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक संगणक १९६० मध्ये चालू झाला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. त्याची मुख्य स्मृती होती २०४८ शब्दांची. तुमच्या खिशातल्या फोनपुढे ती दाण्याएवढीही नाही. एवढ्याशा जागेत काम करणाऱ्या पिढीला प्रत्येक खोलीची किंमत माहीत होती.

पाच ओळींची एक ओळ

सुरुवातीला हे टेबल प्रत्येकाने आपापलं बांधायचं. मग ते भाषांच्या आतच आलं. १९७७ मध्ये बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांच्या ऑक भाषेत आलं. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेत आलं. १९९१ मध्ये पायथन आली, तिच्यात त्याचं नावच ‘डिक्शनरी’. आता कोणीही शब्दकोश बांधू लागला.

आणि इथेच आजचा मुख्य प्रश्न उभा राहतो. समजा, एखाद्या पोथीतला कोणता शब्द किती वेळा आला हे मोजायचं आहे. एकेक शब्द घ्यायचा. हा आधी टेबलात आहे का, विचारायचं. नसेल तर त्याच्यापुढे शून्य लिहायचं. मग तिथला आकडा काढायचा. त्यात एक मिळवायचा. परत ठेवायचा. पाच पायऱ्या झाल्या. जगभर लाखो लोक या पाच पायऱ्या रोज लिहीत होते, आणि रोज त्यातली एखादी विसरत होते. शिवाय ‘आहे का’ विचारताना एकदा खिम्याचं गणित, काढताना दुसऱ्यांदा, ठेवताना तिसऱ्यांदा. एकाच घराचा पत्ता तीनदा विचारल्यासारखं.

म्हणून भाषांच्या स्टँडर्ड लायब्ररीत छोटी-छोटी सोयीची फंक्शन्स आली. पायथनमध्ये ‘गेट’ आलं : किल्ली सांगा, आणि ती नसेल तर काय समजायचं तेही सांगा. २००० मध्ये ‘सेटडिफॉल्ट’ आलं : नसेल तर हे ठेव आणि मला दे. २००६ मध्ये ‘डिफॉल्टडिक्ट’ आलं : प्रत्येक वेळी सांगायला नको, टेबलालाच सवय लावून ठेवा. २०१० मध्ये पायथन २.७ बरोबर ‘काउंटर’ आलं. आता शब्द मोजायला एक ओळ पुरते. जावा भाषेत अशीच फंक्शन्स २०१४ च्या आठव्या आवृत्तीत आली : ‘गेटऑरडिफॉल्ट’, ‘कंप्यूटइफअ‍ॅब्सेंट’, ‘मर्ज’.

या सोयींमागे केवळ आळस होता असं कोणी समजू नये. तिकीट खिडकीचं उदाहरण घ्या. एका खिडकीवरच्या बाबूने पाहिलं, जागा रिकामी आहे. तो नाव लिहायला लागेपर्यंत दुसऱ्या खिडकीवरच्या बाबूनेही पाहिलं, जागा रिकामी आहे. दोघांनी लिहिलं. आता एका बाकावर दोन हक्कदार. ‘पाहणं’ आणि ‘लिहिणं’ यांच्यामध्ये फट राहिली की हे होतं. जावामध्ये २००४ साली ‘पुटइफअ‍ॅब्सेंट’ हे फंक्शन एकाच वेळी अनेकांनी वापरायच्या टेबलासाठी आलं. नसेल तरच ठेव, आणि पाहणं-ठेवणं एका दमात कर. इथे सोय हीच शिस्त झाली.

पण प्रत्येक सोय एक निर्णय गिळून बसलेली असते. ‘नसेल तर शून्य समज’ असं आपण म्हणतो, तेव्हा ‘नाही’ आणि ‘शून्य’ या दोन गोष्टी आपण एक करून टाकतो. काही सोयी तर याही पुढे जातात. ऑकमध्ये किंवा सी प्लस प्लसच्या मॅपमध्ये चौकटी कंसात एखादी किल्ली नुसती विचारलीत, तर ती नसली तरी तयार होते. विचारलं म्हणून वस्तू जन्माला आली! गावात अमुक माणूस राहतो का, असं विचारावं आणि तलाठ्याने तेवढ्यावर त्याचं खातं उघडून द्यावं, तसला हा प्रकार.

उलट बाजूला कॉमन लिस्प भाषा आहे. गाय स्टील यांचं तिच्यावरचं पुस्तक १९८४ चं. तिच्यातलं ‘गेटहॅश’ हे फंक्शन दोन उत्तरं देतं. पहिलं उत्तर, काय सापडलं. दुसरं उत्तर, सापडलं की नाही. तिथेही ‘नसेल तर हे समज’ असं सांगायची सोय आहेच, पण ते समजलेलं आहे हे सांगायला दुसरं उत्तर उभं असतं. आम्हाला या दोन उत्तरांमध्ये फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

अभावाचा प्रश्न

आता आमच्या घरच्या मैदानावर येऊ. आपल्याकडे ‘नाही’ या गोष्टीवर शतकानुशतकं वाद झाला आहे. वैशेषिकांनी पुढे अभाव हा सातवा पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार केले. त्यातले दोन आज हवेत. घडा अजून घडवलाच नाही, तो प्रागभाव. घडा होता आणि फुटला, तो प्रध्वंसाभाव. दोन्हीकडे घडा नाहीच, पण दोन ‘नाही’ वेगळे.

हा नुसता शब्दच्छल वाटतो? मग ती शेजारच्या खोलीत बघण्याची पद्धत आठवा. तिथे एखादी नोंद खोडली आणि खोली साधी रिकामी सोडली, तर पुढच्या वेळी शोधणारा त्या खोलीशी थांबतो. रिकामी दिसली, म्हणजे पुढे काही नसणार, असं धरतो. पण टक्कर झाल्यामुळे पुढे सरकलेली नोंद त्या पलीकडे असते, ती त्याला कधीच सापडत नाही. म्हणून खोडलेल्या खोलीवर वेगळी खूण ठेवावी लागते : ‘इथे कोणी होतं, आता नाही, पण पुढे बघा.’ संगणकवाले त्या खुणेला थडग्याचा दगड म्हणतात. प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव यांत गल्लत केली की जिवंत नोंदी हरवतात.

दुसरा वाद प्रमाणाचा. घडा नाही हे आपल्याला कळतं कशाने? कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. दिसत नाही, म्हणून नाही. पण त्यांनी एक अट घातली, आणि ती लाखमोलाची आहे. अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे ती वस्तू तिथे असती तर मला नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता ॲग्नेसबाईंकडे परत जाऊ. आम्ही अंधारात पाहत होतो, आणि प्रोग्रॅमने ते आम्हाला सांगितलं नाही.

दोन ‘ॲ’

झालं होतं असं. मराठीतला ‘ॲ’ संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. जुनी रीत : आधी ‘अ’, मग त्याच्यावर चंद्राची खूण, म्हणजे दोन चिन्हं. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःचं एकच चिन्ह मिळालं. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. वही संगणकात भरणाऱ्याने जुन्या रीतीने टंकलं होतं. आमच्या मोबाइलने नव्या रीतीने लिहिलं. ‘वाऱ्यावर’मधल्या त्या अर्ध्या ‘ऱ’चंही असंच आहे, तोही एकाहून जास्त रीतींनी साठवला जातो.

आता मघाचा खिमा आठवा. नावात एका चिन्हाचा फरक पडला, की गणिताचं उत्तर पार बदलतं आणि नोंद भलत्याच खोलीत असते. जुन्या वहीत काय झालं असतं? स्पेलिंग थोडं चुकलं तरी बोट त्याच पानावर पडलं असतं, आणि डोळ्याला शेजारची ओळ दिसली असती. मोल्सवर्थचा कोश उघडा. १८३१ चा घ्या नाहीतर १८५७ ची दुसरी आवृत्ती. एक शब्द शोधताना आजूबाजूचे दहा भेटतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली तरी शब्द हाती लागतो. वर्णानुक्रमाच्या वहीला शेजार असतो. हॅश टेबलाला शेजार नाही, तो आपण वेगासाठी मुद्दाम मोडला आहे. पायथनने २०१८ पासून नोंदी ज्या क्रमाने घातल्या त्या क्रमाने राहतील अशी हमी दिली, पण तो कीर्दीचा क्रम झाला. खतावणीतल्या नावांचा शेजार त्याने परत आला नाही.

हा झाला पहिला घाव. दुसरा घाव सोयीच्या फंक्शनचा. आमच्या विद्यार्थ्याने ‘नसेल तर शून्य’ असं लिहिलं होतं. शब्द मोजायला ते अगदी बरोबर आहे. जो शब्द भेटलाच नाही तो शून्य वेळा आला, यात खोटं काही नाही. पण माणसाच्या अनामत रकमेला ते चालत नाही. ‘हे नाव मला सापडलं नाही’ असं पडद्यावर आलं असतं, तर आम्ही दुसऱ्यांदा शोधलं असतं, शुद्धलेखन पाहिलं असतं, वही काढली असती. ‘शून्य रुपये’ आलं, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. आकड्याला एक अधिकार असतो. ‘माहीत नाही’ला तो नसतो. म्हणून ‘माहीत नाही’चा आकडा करताना हात थरथरायला हवा.

आणि हे एका वाचनालयापुरतं नाही. शिधापत्रिका, मतदारयादी, निवृत्तिवेतन, हे सगळं आता टेबलात आहे. खिडकीपलीकडचा माणूस ‘तुमचं नाव नाही’ म्हणतो, तेव्हा त्याने उजेडात पाहिलं की अंधारात, हे त्यालाही माहीत नसतं. आमच्या वसईत तर एकच नाव पोर्तुगीज वळणाने, इंग्रजी स्पेलिंगने आणि मराठी उच्चाराने, असं तीन प्रकारे लिहिलेलं एकाच घराच्या कागदांत सापडतं.

त्या विद्यार्थ्याला बोलावलं. आम्ही त्याला रागावलो नाही. चुकीचं वाक्य उच्चारलं होतं ते आम्ही. त्याने तीन गोष्टी केल्या. नाव आत घालताना आणि शोधताना, दोन्ही वेळा ते आधी एकाच रूपात आणायचं. पैशाच्या जागी ‘नसेल तर शून्य’ काढून टाकलं, तिथे ‘सापडलं नाही’ असं स्पष्ट येतं. आणि सापडलं नाही, तर मिळतीजुळती पाच नावं खाली दाखवायची, म्हणजे मोडलेला शेजार थोडा तरी परत आणायचा. शब्द मोजणारी फंक्शन्स त्याने तशीच ठेवली. तिथे ती सोय निर्दोष आहे.

बाईंच्या घरी आम्ही स्वतः गेलो आणि रक्कम दिली. त्यांनी पावती शोधून ठेवली होती, ती पुढे केली. आम्ही म्हटलं, “बाई, पावतीची गरज नाही.” त्या म्हणाल्या, “असू दे सर, बघून घ्या.” आम्ही पाहिली. तिच्यावर सही आमचीच होती.

आज इथेच थांबतो.